पावडर, पाणी आणि हातखंब्याची हवा

एअर पॉलिशिंग यंत्राचं माहितीपत्रक उघडलं की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की त्यातल्या एकाही माणसाच्या दातांना काहीही झालेलं नाही. खुर्चीतल्या बाईचे दात यंत्र लावण्याआधीच पांढरेशुभ्र. डॉक्टर हसतायत, मदतनीस हसतेय, आणि तोंडात नळी असूनही पेशंट हसतेय, हे तर दंतवैद्यकाचं मोठंच यश म्हणायचं. त्या दवाखान्याला खिडकी नसते, म्हणून खिडकीला जाळी नसते आणि जाळीवर तांबडी धूळही नसते. आता हेच पत्रक हातखंबा तिठ्यावर उभं राहून वाचावं. समोरून मुंबई-गोवा महामार्ग जातोय, एक फाटा पंधराएक किलोमीटरवरच्या रत्नागिरीकडे वळलाय, चौपदरीकरणाने वर्षानुवर्षं धुरळा उडवलाय, आणि पाऊस असा की वर्षाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर. पत्रकात यंत्राची लांबी, रुंदी, वजन, पायाखालच्या पेडलचा रंग असं सगळं असतं. यंत्र ज्या हवेवर चालायचं ती कुठली असावी, हे शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात असतं. माझं म्हणणं असं, की हे यंत्र निवडताना सुरुवात हवेपासून करावी, मग पावडर पाहावी, मग दुरुस्तीला येणारा माणूस कुठून येणार ते विचारावं, आणि मॉडेल सगळ्यांत शेवटी ठरवावं. या क्रमाने गेलं तर हातखंब्याच्या दवाखान्याला चाकांवरचं मोठं यंत्र लागत नाही. खुर्चीच्या नळीला बसणारं छोटं हँडपीस पुरतं आणि वाचलेल्या पैशांत हवा सुकवायचं साधन येतं. डीलर मात्र नेहमी उलट्या क्रमाने येतो.

हे यंत्र मुळात करतं काय? दाबाखालची हवा, पाणी आणि बारीक पावडर यांचा फवारा दातावर मारतं. चहाचे, पानतंबाखूचे डाग आणि दातावर साचलेला जंतूंचा चिकट थर त्याने निघतो. किटण निघत नाही. घट्ट बसलेलं किटण काढायला स्केलरच लागतो, आणि ही गोष्ट डीलर आपणहून सांगत नाही. दातांवर पावडर वापरण्याची कल्पना कोकणाला नवी नाही. राखुंडी होती, मीठ होतं, कोळशाचं काळं दंतमंजन होतं, आणि अजूनही कितीतरी घरांत तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी आहे. मशेरीचा कारभार तर अजब आहे. दात स्वच्छ होतात म्हणून ती लावायची, तिने ते काळे करायचे, आणि मग ते काळे दात साफ करायला दुसरी पावडर महागड्या नळीतून मारायची. (मशेरीतला तंबाखू तोंडाचं पुढे जे करतो ते विनोदात बसणारं नाही, म्हणून इथे एवढंच: ती सोडा.) जुन्या पद्धतीत यंत्र म्हणजे उजव्या हाताची तर्जनी. तिला सर्व्हिसिंग लागत नसे, तिची वॉरंटी जन्मभराची असे, आणि आमच्याच कंपनीची पावडर वापरा असा तिचा आग्रह नसे. या तिन्ही बाबतींत आजचं प्रत्येक यंत्र तर्जनीपुढे हरतं. तरीही ते घ्यावं, कारण दोन दातांच्या फटीत, वेड्यावाकड्या दातांच्या आडोशाला आणि तारा बसवलेल्या मुलांच्या तोंडात तर्जनीचं काही चालत नाही, आणि दवाखान्यातल्या रबरी कपाचंही फारसं चालत नाही.

मोठं की छोटं या वादाचा निकाल दंतवैद्यकाच्या इतिहासात एकदा लागून गेला आहे. 1945 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या रॉबर्ट ब्लॅक या दंतवैद्याने हवेच्या झोतातून कणांचा मारा करून दात कोरायची पद्धत मांडली. 1951 मध्ये एस. एस. व्हाइट कंपनीने तिचं यंत्र आणलं, एअरडेंट. जमिनीवर उभं राहणारं, दवाखान्याचा एक कोपरा व्यापणारं. घरघर नाही, कंप नाही, पेशंट खूश. पण अॅल्युमिनाची भुकटी खोलीभर उडायची, ती ओढून घेणारं जोरदार सक्शन तेव्हा दवाखान्यांत नव्हतं, आणि चांदी भरायला दातात ज्या नेमक्या कडा लागायच्या त्या फवाऱ्याने येत नसत. 1957 मध्ये जॉन बॉर्डन यांचं एअरोटर आलं. तेही हवेवरच चालणारं, पण मुठीत मावणारं. एअरडेंट अडगळीत गेलं आणि एअरोटर इतकं रुळलं की आपले दंतवैद्य आजही कुठल्याही कंपनीच्या टर्बाइनला एअरोटरच म्हणतात. कण मारायची कल्पना पुढे परत आली ती दात कोरायला नव्हे, पुसायला. 1980 च्या सुमारास अॅल्युमिनाच्या जागी मऊ सोडा आला, नंतर स्वित्झर्लंडमध्ये न्योन गावच्या ईएमएस कंपनीने एअर-फ्लो घराघरांत, म्हणजे दंतवैद्यांच्या घराघरांत, पोचवलं. आता तीच कल्पना पुन्हा अंगाने वाढत वाढत चाकांवर गेली आहे. तिला पडदा आला, बिनतारी पेडल आलं, पाणी कोमट करायची सोय आली. एअरडेंटचा मोठेपणा काही त्याला वाचवू शकला नाही, आणि त्याला बुडवणाऱ्या गोष्टींपैकी दोन, उडणारी भुकटी आणि सक्शनची कमतरता, हातखंब्यात अजून हजर आहेत.

तर हवा. पावसाळ्यात तापमान 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के धरू. जुलैतल्या हातखंब्यात 80 म्हणजे कोरडा दिवस. अशा एका घनमीटर हवेत साधारण 24 ग्रॅम वाफ असते. कॉम्प्रेसर ती हवा सात-आठ पट दाबून टाकीत कोंबतो. आठ घनमीटरांतली वाफ एका घनमीटरात आली म्हणजे झाली 190 ग्रॅमच्या आसपास, आणि 30 अंशाला एका घनमीटरात मावते जेमतेम 30 ग्रॅम. उरलेल्या दीडशे ग्रॅमहून जास्त वाफेचं पाणी होतं. मिनिटाला 100 लिटर हवा ओढणारा छोटा कॉम्प्रेसर तासभर चालला की चहाचा कप भरेल एवढं पाणी गाळून बसतो, आणि त्याबद्दल कुणाला काही बोलत नाही. एअरोटर हे पाणी कुरकुरत का होईना सोसतं. पावडर सोसत नाही. ओल लागली की तिचे गोळे होतात आणि मिलिमीटरभरही रुंद नसलेल्या नोझलमध्ये जाऊन अडकतात. मग डॉक्टर पेडल दाबतात तेव्हा आधी नुसतं पाणी येतं, मग नुसती हवा येते, मग काहीच येत नाही, आणि अखेर डॉक्टरांनी नोझल डोळ्यांसमोर धरलं की सगळं एकदम येतं. पेशंटला वाटतं, ट्रीटमेंट अशीच असते. डीलरला फोन केला की तो शांतपणे सांगतो, "डॉक्टर, पावडर ओली झाली असेल." जणू डॉक्टर ती भिजत घालून आले होते.

यावर अनुभवी डॉक्टर म्हणतील, आम्ही टाकीखालचा कॉक रोज संध्याकाळी सोडतो, पाणी जातं. जातं, पण तळाशी साचलेलं. टाकीतली हवा ओलीगच्चच राहते, आणि तिची खरी करामत पुढे आहे. कॉम्प्रेसर बहुधा आवाजामुळे मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये असतो. तिथे हवा तापलेली. दवाखान्यात मात्र पेशंटच्या सोयीसाठी एसी लावलेला. तापलेली दमट हवा थंड खोलीतल्या नळीत आली की उरलेली वाफही नळीतच पाणी होते, म्हणजे पेशंटच्या सोयीसाठी लावलेला एसी पावडरीच्या गैरसोयीला कारण. म्हणून टाकी आणि खुर्ची यांच्यामध्ये ड्रायर हवा, सिलिका जेलचा किंवा हवा थंड करून पाणी काढणारा, आणि त्याच्या पुढे तेल-पाणी अडवणारा फिल्टर. चाकांवरच्या मोठ्या यंत्रालाही हवा याच कॉम्प्रेसरमधून घ्यावी लागते. ते स्वित्झर्लंडची हवा सोबत आणत नाही. त्याच्या पत्रकातही कोरडी, तेलविरहित हवा द्या असंच लिहिलेलं असतं. ओली हवा दिली तर दोन्ही सारखीच तुंबतात, फरक एवढाच की मोठं यंत्र पडद्यावर तसं कळवतं.

हवेत पाण्याशिवाय आणखी एक गोष्ट आहे, ती तिठ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. कॉम्प्रेसरचं तोंड महामार्गाच्या बाजूला असेल तर तो दिवसभर जांभ्याची धूळ ओढतो, आणि त्याचा फिल्टर पत्रकातल्या मुदतीच्या कितीतरी आधी तांबडा होतो. तोंड मागच्या बाजूला वळवणं हा शून्य रुपयांचा उपाय आहे, म्हणूनच तो कुणी सुचवत नाही. सक्शनची गोष्ट याहून गंभीर आहे. साध्या खुर्च्यांना बहुतेक वेळा जे सक्शन असतं ते कॉम्प्रेसरच्याच हवेवर चालतं. एअर पॉलिशिंग चालू असताना पावडर उडवायलाही तीच हवा आणि उडालेली पावडर ओढायलाही तीच हवा. फवारा जोरात तर सक्शन मंद, सक्शन जोरात तर फवारा मंद, आणि दोन्हींच्या मध्ये पेशंट. 2020 च्या कोविडकाळात सगळ्यांनाच कळलं की या फवाऱ्याचे बारीक तुषार खोलीत बराच वेळ तरंगतात. तेव्हा वेगळ्या मोटरवरचं जोरदार सक्शन आणि ते धरायला एक वेगळा हात, ही यंत्राइतकीच खरेदी आहे. मदतनीस एकच असेल आणि तीच फोन उचलत असेल, तर पॉलिशिंगपुरता फोन वाजू द्यावा.

पावडर हा दुसरा प्रश्न, आणि यात रत्नागिरी जिल्ह्याच्या तोंडाचा विचार करावा लागतो. सगळ्यांत जुनी आणि स्वस्त पावडर म्हणजे सोडा, लिंबाचा वास लावलेला, पण शेवटी खायचाच सोडा. म्हणून लगेच वाण्याकडे जाऊ नये. यंत्राच्या सोड्याचे कण ठरावीक मापाचे असतात आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात थोडं काही मिसळलेलं असतं. वाण्याचा सोडा भजी फुलवेल, नोझल बंद करेल. सोड्याचा कठीणपणा मोस यांच्या मोजपट्टीवर अडीच, दाताच्या वरच्या कवचाचा पाच. तिथे भीती नाही. पण हिरड्या मागे सरकून दाताचं मूळ उघडं पडलं असेल तर ते तीनच्या आसपास किंवा त्याहूनही मऊ, आणि सोडा ते झिजवतो. मशेरी वर्षानुवर्षं बोटाने घासणाऱ्या आणि ब्रश आडवा करवतीसारखा ओढणाऱ्या तोंडांत उघडी मुळं सर्रास दिसतात. म्हणजे ज्यांच्या दातांवर डाग सगळ्यांत जास्त, नेमके त्यांनाच सोडा चालत नाही. त्यांच्यासाठी ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉल. ग्लायसिनचे कण साधारण 25 मायक्रॉन, एरिथ्रिटॉलचे 14, दोन्ही सोड्याहून मऊ. एरिथ्रिटॉल तर साखरेऐवजी वापरतात ती गोडी. दंतवैद्याने दातांवर गोड पावडर मारायची, हा प्रसंग पाहायला जुन्या पिढीतले डॉक्टर हवे होते. मीठ बंद केलेल्या पेशंटच्या बाबतीत सोड्याबद्दल कंपन्या स्वतःच सावधगिरी सांगतात, आणि रक्तदाबाची गोळी घेणारे पेशंट आपल्याकडे किती, हे कुठल्याही मेडिकल स्टोअरवाल्याला विचारावं.

सोडा स्वस्त आहे, मग बारीक पावडरीचा खर्च कशाला, हा आक्षेप रास्त आहे. ट्रक थांबवून उतरलेल्या, वीस वर्षांच्या गुटख्याने दात रंगवलेल्या पण मुळं शाबूत असलेल्या माणसाला सोडाच मारावा. जाड डागांवर तो लवकर काम करतो. (गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. दातांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही.) म्हणून यंत्र असं घ्यावं की ज्यात दोन्ही पावडरी चालतात, आणि कंपनीकडून ते लेखी घ्यावं. तोंडी उत्तर प्रत्येक डीलर एकच देतो: "डॉक्टर, सगळं चालतं." खुर्चीच्या नळीला यंत्र बसेल का, ती दोन भोकांची की चार भोकांची, हे विचारलं तरी उत्तर तेच. यंत्र घेणं एकदाच असतं, पावडर दर महिन्याला. एखादी पावडर परदेशातूनच येत असेल आणि मुंबईच्या गोदामात कधी असते कधी नसते अशी स्थिती असेल, तर त्या यंत्राची किंमत निम्मी असली तरी ते महाग आहे.

दुरुस्तीबद्दल फार लिहायला नको, भूगोल पुरेसा आहे. तंत्रज्ञ येणार मुंबईहून कोकणकन्येने किंवा कोल्हापूरहून आंबा घाटाने. 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं आणि आंबा घाटात रस्ता खचला; त्या आठवड्यात हातखंब्यातलं यंत्र बिघडलं असतं तर वॉरंटी कितीही वर्षांची असून उपयोग नव्हता. छोट्या हँडपीसचा फायदा इथे उघड आहे. त्यात बिघडण्यासारख्या गोष्टी थोड्या: ओ-रिंग, नोझल, पावडरीच्या डबीचं झाकण. पाचपन्नास रुपयांची ओ-रिंग कपाटात ठेवता येते, आणि फार झालं तर अख्खं हँडपीस कुरिअरने जातं. चाकांवरचं यंत्र कुरिअरने जात नाही. त्यात सर्किट आहे, आणि सर्किटचं महावितरणशी पटत नाही. हँडपीसला स्वतःची वीज लागत नाही. कॉम्प्रेसरला लागते, आणि इन्व्हर्टर तो उचलत नाही, हे खरंच. पण वीज जाताच टाकीतल्या हवेवर हातातला दात तरी पुरा होतो.

मोठ्या यंत्राच्या बाजूने तीन आक्षेप उरतात आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला, मोठं यंत्र पाहून पेशंटचा विश्वास वाढतो. वाढत असेल, पण नुसत्या क्लीनिंगचे एवढे, हा प्रश्न पेशंट यंत्र पाहून जास्त विचारतो, कमी नाही. आणि साफ केल्याने दात हलायला लागतात ही समजूत घेऊन आलेल्याला यंत्र जेवढं मोठं तेवढी ती खरी वाटते. तिथे विश्वास वाढवायला किटण निघाल्यावर दाताचं काय होतं हे समजावणारी दोन मिनिटं उपयोगी पडतात. दुसरा आक्षेप कोमट पाण्याचा. थंड पाण्याने झिणझिण्या येतात, कोमट पाणी ही खरी सोय आहे. पण मे महिन्यात स्लॅबवरच्या टाकीचं पाणी ज्याने तोंडात घेतलंय त्याला ही सोय विकायला जाऊ नये, आणि डिसेंबरात थर्मास आहे. तिसरा आक्षेप वजनदार आहे: हिरडीच्या खोल खिशांत, इम्प्लांटभोवती बारीक पावडर आणि खास नोझल लागतं, आणि मोठी यंत्रं ते नियंत्रित दाबाने करतात. हे मान्य. ज्या दवाखान्यात हिरड्यांचे तज्ज्ञ बसतात आणि इम्प्लांट रोजचे आहेत त्यांनी मोठं यंत्र घ्यावं. रत्नागिरी शहरात किंवा खेडच्या दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी ते चालतंही राहील, कारण तिथे हात जास्त आहेत. तिठ्यावरच्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आधी स्केलर हवा असतो, आणि चांगला स्केलर नसताना एअर पॉलिशर घेणं हा किटणाला पॉलिश करण्याचा प्रकार आहे. खोल खिसे असलेल्यांना तज्ज्ञाकडे पाठवावं. रत्नागिरी पंधराच किलोमीटरवर आहे.

तेव्हा डॉक्टर, खरेदी अशी करा: आधी ड्रायर आणि सक्शन, मग दोन्ही पावडरी चालणारं, तुमच्या नळीला बसणारं हँडपीस, आणि सुटे भाग त्याच बिलात. रोज संध्याकाळी डबीतली पावडर काढून टाका, नळी कोरड्या हवेने फुंकून घ्या, उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. दम्याच्या पेशंटला हे करू नका, लेन्स लावणाऱ्याला ती काढायला सांगा, सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा द्या. आणि डीलर डेमो देतो म्हणाला तर तो जुलैत मागा, तुमच्याच खुर्चीवर मागा, एसी चालू ठेवून आणि कॉम्प्रेसर तासभर चालल्यानंतर मागा. डिसेंबरातल्या डेमोत सगळीच यंत्रं पास होतात.